प्रभामावशी आणि हळद लागलेलं कार्ड

माझी मावशी प्रभावती भरे गावात राहते. पिरंगुटच्या एका कारखान्यात तिनं बावीस वर्षं मोटारींच्या दिव्यांच्या काचा तपासल्या. काच ट्यूबलाइटखाली तिरपी धरायची आणि केसाएवढा ओरखडा दिसला तरी बाजूला काढायची. त्या नोकरीतून ती एक तयार नजर आणि एक वाईट सवय घेऊन बाहेर पडली. आमच्या घरी आली की चहा पिण्याआधी ती कप तिरपा करून बघते.

आता ती कार्डं साफ करते. हिंजवडीत नोकरी करणारी काही मुलं क्रिकेट खेळाडूंची चकचकीत कार्डं जमवतात आणि परदेशातल्या एका कंपनीकडे तपासणीला पाठवतात. कंपनी दहापैकी गुण देते आणि कार्ड कडक प्लॅस्टिकच्या डबीत कायमचं बंद करून परत धाडते. पाठवण्याआधी धूळ आणि बोटांचे ठसे काढायचे, पण नवा ओरखडा पडू द्यायचा नाही. मावशी हे स्वस्तातल्या कार्डांवर शिकली. त्यांवर भज्यांच्या तेलाचे ठसे उमटवायचं काम मी आनंदानं केलं.

"आधी बघायचं," ती सांगते. "निम्म्या वेळा पुसावंच लागत न्हाई."

गेल्या दसऱ्याला आम्ही विहारातून नुकतेच मावशीच्या घरी आलो होतो, तेवढ्यात हिंजवडीजवळच्या जांब्याहून लीलाबाईंचा फोन आला. त्यांच्या माडीवर त्या मुलांपैकीच एक, अतुल, भाड्यानं राहतो. मावशी त्याची कार्डं आणायला जायची, तेव्हा लीलाबाईंकडे चहा व्हायचा.

"प्रभाबाई, लई मोठी चूक झाली. अतुलच्या त्या कार्डाला मी हळद-कुंकू लावलं."

"कार्डाला? कशापायी?"

"दसरा न्हाई का! ट्रॅक्टरला लावलं, शिलाई मशीनला लावलं. त्यो म्हणला व्हता, काकू, ह्ये कार्ड माझ्या गाडीपेक्षा महाग हाय. मग गाडीला लावायचं आन् त्याला न्हाई?"

"पर त्ये पाकिटात असतंय की!"

"पाकिटाची पूजा करत्यात व्हय? काढलं भाईर." मग आवाज बारीक झाला. "गावी जाताना इस्वासानं किल्ली दिली व्हती पोरानं. आता खोली सोडून जाईल बघा. पदरानं पुसू का?"

"हात लावू नका!" मावशी ओरडली. "फुंकू बी नका, थुकीचा थेंब पडंल. हाय तसं आडवं धरून घिऊन या."

तासाभरानं राजूची, म्हणजे त्यांच्या मुलाची, जीप बैलगाडीच्या वेगानं दारात आली. पुढच्या सीटवर लीलाबाई, मांडीवर पूजेचं ताट, ताटात कार्ड आणि त्यावर उलटी घातलेली पिठाची चाळण.

मावशीनं पंखा बंद केला, हात धुऊन कोरडे केले. कडांना धरून कार्ड पालथं केलं आणि हवा मारायचा रबरी फुगा दाबून खालून हवा मारली. हळद-कुंकू कागदावर झडलं. उरलेलं तिनं मऊ ब्रशनं अलगद काढलं, घासलं नाही. शेवटी मऊ फडक्याच्या टोकाला इन्व्हर्टरच्या डिस्टिल्ड पाण्याचा एकच थेंब घेऊन ते टोक चांगलं पिळलं, आणि मधून कडेकडे, सरळ, एकदाच पुसलं.

कार्ड आरशासारखं झालं. पण वरच्या कडेला तिळाएवढा पिवळा ठिपका तसाच राहिला.

"बोट ओलं व्हतं तुमचं," मावशी म्हणाली. "कडेला चकाकी न्हाई, नुसता कागद हाय. आत मुरलं."

"लिंबू लावा की. न्हाईतर टूथपेस्ट."

"वरचं काढायचं, आतलं बदलायचं न्हाई. रसायन लावलं की कंपनी ओळखती आन् गुण न देताच माघारी धाडती."

"मग आसं करू. ठिपका आधीपासनंच व्हता म्हनू."

मावशीनं कार्ड पाकिटात सरकवलं, अतुलला फोन लावला आणि लीलाबाईंच्या हातात दिला. "बोला."

लीलाबाईंनी सगळं सांगितलं. चाळणीसकट.

"काकू," अतुलनं विचारलं, "लॅपटॉपलाही लावलंत?"

"लावलं की. झेंडू बी वाहिला."

पलीकडे हसू फुटलं. "किल्ली तुमच्याकडेच राहू द्या. फक्त कपाटात जे आहे त्याची पूजा करू नका."

लीलाबाईंनी पदर डोळ्यांना लावला, आणि मग चहा मागितला.

तीन महिन्यांनी कार्ड डबीत बंद होऊन आलं. दहापैकी आठ. अतुल हळहळत होता. ठिपका नसता तर नऊ मिळाले असते. लीलाबाईंनी मात्र जांब्यात पेढे वाटले. त्यांच्या राजूला दहापैकी आठ कधीच पडले नव्हते.

यंदा दसऱ्याच्या सकाळी पुन्हा त्यांचा फोन आला. "प्रभाबाई, अतुलनंच आणून दिलंय कार्ड. आता लावू का?"

मावशी म्हणाली, "डबीला खुशाल लावा. आता पदरानं पुसलं तरी चालतंय."