आत्याचा रेडिओ बेकरीत गेला

आत्याने रेडिओ विकायचं ठरवलं ते आम्हाला विचारून नाही, तर सांगून. जेवताना सहज म्हणाली, "वाचनालयाच्या फळ्यावर चिठ्ठी लावून आले. व्हॉल्व्हचा रेडिओ, चालू स्थितीत, बघायला यावं."

बाबांचा घास हातातच राहिला. "ताई, अगं तो काय नुसता रेडिओ आहे? घरातलं माणूस आहे ते."

"माणूस असतं तर इतक्या वर्षांत एकदा तरी उठून चहा केला असता," आत्या म्हणाली. "मला त्याच्या मागच्या भिंतीवर फळा लावायचाय."

आत्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. नोकरीला लागली त्या सुमारास शेजारच्या खलाशाने घर सोडलं, आणि त्याचा हा पेटीएवढा शॉर्टवेव्ह रेडिओ तिने घेतला. संध्याकाळी एका दूरदेशाचं केंद्र त्यावर तिथली भाषा शिकवायचं. आवाज लाटेसारखा वर यायचा, मग खरखरीत बुडायचा. बुडालेले शब्द आत्या अंदाजाने भरून काढायची. पुस्तक नाही, मास्तर नाही. आरशासमोर तोंड वेडंवाकडं करून ती उच्चार घोकायची, तेव्हा पोरीची दाढ दुखतेय असं समजून आजी लवंग घेऊन यायची.

एकदा एक्स्चेंजमध्ये बंदरावरून त्याच देशाच्या एका इंजिनिअरचा फोन आला. त्याची बायको तिकडे इस्पितळात होती, आणि त्याला आपल्या भाषेशिवाय दुसरी येत नव्हती. रिसीव्हर या हातातून त्या हातात फिरत होता. आत्या म्हणाली, "द्या इकडे." पलीकडच्या ऑपरेटरशी बोलून तिने त्याला थेट वॉर्डात जोडून दिलं. तेव्हापासून परदेशी लाइनी तिच्याकडे आल्या त्या निवृत्तीपर्यंत.

आता त्याच देशात नर्स म्हणून निघालेल्या गल्लीतल्या दोघीतिघी तिच्या मागे लागल्या होत्या, आत्या, आम्हाला शिकवा. ती भाषा म्हटली की आत्याला नाही म्हणता येत नाही. आणि खोलीत फळा मावेल अशी एकच भिंत होती.

पहिलं गिऱ्हाईक म्हणून आला तो हॉटेलं सजवणारा. रेडिओच्या लाकडावरून हात फिरवत म्हणाला, "सुंदर आहे. आतलं सगळं काढून दिवा बसवतो."

"मग सुतार गाठा," आत्या म्हणाली. "तो रिकामंच खोकं देईल, तुमचे काढायचे कष्ट वाचतील."

तो गेल्यावर बाबांना उगाच आशा वाटू लागली. दोन दिवसांनी बेकरीवाला आला. कोपऱ्यावरच्या बेकरीचा मालक, दांडगा माणूस, कोपरापर्यंत पीठ लागलेला. आत्याने बटण फिरवलं. काही झालं नाही. त्याने माझ्याकडे पाहिलं.

"थांबा. व्हॉल्व्ह तापायला वेळ लागतो," आत्या म्हणाली. "याला घाई केलेली चालत नाही."

हळूहळू तबकडी उजळली, स्टेशन लागल्याचं सांगणारा हिरवा डोळा उघडला आणि खरखरीतून एक बाई बोलू लागली. बेकरीवाला न विचारताच स्टुलावर बसला.

"पहाटे भट्टी पेटवतो तेव्हा सगळं गाव झोपलेलं असतं," तो म्हणाला. "मोबाईलवर गाणी असतात, पण ती आधीच भरून ठेवलेली. मला वाटतं, त्या वेळी कुणीतरी कुठेतरी खरोखर जागं असावं."

आत्याला हे पटलं. तरी ती म्हणाली, "पीठ आत गेलं तर आठवड्यात मरेल हा. तुम्हाला देता येणार नाही."

"हिशोबाची खोली वेगळी आहे. मध्ये काच आहे."

"दाखवा."

ती लगेच चप्पल घालून निघाली. काच पाहिली, दाराच्या फटीवर बोट फिरवून बोटाला पीठ लागतं का ते पाहिलं, आणि फटीला रबराची पट्टी बसवायला लावली. मग म्हणाली, "एरियल कुठे बांधणार?" आणि त्याने जिना दाखवताच पदर खोचून वर चढली. खाली मागोमाग आलेले बाबा नुसते "ताई, ताई" करत राहिले. पाण्याच्या टाकीपासून धुराड्यापर्यंत तांब्याची तार कुठून न्यायची, हे तिने गच्चीवरून बेकरीवाल्याला ओरडून सांगितलं.

रेडिओ गेला त्या दिवशी बाबा हात लावायला पुढे आले नाहीत. आत्याने मात्र स्वतः तो चादरीत गुंडाळला, हातगाडीबरोबर चालत गेली, आणि तिथे लावून दाखवला. काच बंद असतानाही आवाज भट्टीपर्यंत पोचत होता. कारागीर मळता मळता थांबून ऐकू लागले.

"काय म्हणते हो बाई ती?" बेकरीवाल्याने विचारलं.

"उत्तरेकडे वारा जोराचा आहे, होड्या बाहेर काढू नका."

"आपण नाहीच काढणार," तो गंभीरपणे म्हणाला, आणि सगळे हसले. आत्याही हसली.

नंतर मी तिला म्हटलं, अधूनमधून जाऊन ऐकून येत जा की, दोन पावलांवर तर आहे.

"नको. विकलेल्या वस्तूपाशी जाऊन बसलं की घेणाऱ्याला ती कधी आपली वाटत नाही," आत्या म्हणाली. "पाव आणायला जाईन. तेवढ्यात कानावर पडेल ते पडेल." मग मला फळ्याचं दुसरं टोक धरायला सांगून ती भिंतीवर खिळ्याची जागा ठरवू लागली.