पुसून ठेवलेलं कार्ड

आमच्या घराला लागूनच लूमचा कारखाना आहे. कापसाची रुई भातावर, टीव्हीवर, उशीवर, सगळीकडे बसते. वडिलांची हयात लूम दुरुस्त करण्यात गेली, त्यामुळे त्यांना एक खोड आहे: चकचकीत काही दिसलं की तेलाची चिंधी फिरवायची. लोखंडाला ते ठीक. पण तेलाने रुई उलट जास्तच चिकटते, हे त्यांना सांगून माझा घसा बसला.

मी राहनाळच्या गोडाऊनमध्ये पॅकिंगला आहे. आता मोठ्या संघातून खेळणारी एक कबड्डीपटू पूर्वी मुलींच्या सामन्यात माझ्याविरुद्ध खेळली होती. शेलारच्या मैदानात मी तिचा घोटा धरला होता आणि सोडला नव्हता. हे सांगितलं की शिफ्टच्या बायका एकमेकींकडे बघून हसतात. मला फेकू म्हणतात. संताप येतो.

यंदा ती आमच्याकडच्या स्पर्धेला पाहुणी म्हणून येणार होती. आयोजकांनी तिचं गुळगुळीत कार्ड छापलं होतं, त्यातलं एक मी मिळवलं. त्यावर तिच्या हातचं लिहून घ्यायचं आणि बायकांची तोंडं बंद करायची, एवढंच माझ्या डोक्यात होतं. पण अशा कार्डावर शाई ठरत नाही. म्हणून कापसाच्या बोळ्याने त्यावर हलक्या हाताने टाल्कम पावडर घासली, चकाकी जरा मारली आणि पावडर मुरायला कार्ड फळीवर उघडं ठेवून ड्युटीवर गेले.

परत आले तेव्हा वडील म्हणाले, कार्ड प्लास्टिकात घालून तुझ्या बॅगेत ठेवलंय. मला बरं वाटलं. घाईत तशीच मैदानावर गेले.

तिने मला बघितलं आणि स्वतःहून म्हणाली, "तू तीच ना, घोटा धरून बसलेली?" माझे डोळे भरले. मी कार्ड बाहेर काढलं. मार्करने तिने लिहिलं, शेलारला हिने मला पकडलं होतं, आणि खाली सही केली. शाईचे थेंब झाले. तिचा हात लागला आणि सगळं फिसकटलं. मला लूमच्या तेलाचा वास आला. दुसरा कागद काढेपर्यंत आयोजकांच्या माणसांनी तिला स्टेजवर नेलं, मला दोरीच्या मागे ढकललं. त्यांच्याशी मी भांडले, काही उपयोग झाला नाही.

घरापर्यंत रागाने फणफणत आले. त्या सगळ्या फराट्यात 'पकडलं' एवढा एकच शब्द वाचता येत होता. तोसुद्धा मला पुरला असता. कार्ड वडिलांसमोर आपटलं आणि विचारलं, ह्याला तेल का लावलं?

"रुई बसली व्हती ना त्याच्यावं," ते म्हणाले. "तुझी वस्तू हाय म्हणून नीट पुसली."

मी चुलीवरच्या दुधासारखी उतू जात होते. बोलायला शब्द जुळवत होते, तोवर त्यांनी चष्मा लावला, कार्ड उजेडात धरलं आणि खिशातली चिंधी काढली.

"डाग पडलाय, थांब," म्हणाले, आणि मी हात पुढे करायच्या आत तो शब्द पुसून कार्ड लख्ख करून माझ्या हातात दिलं.