बामणोली गाडीचा कंडक्टर सायकलवर

बावीस वर्षं मी सातारा-बामणोली गाडीवर कंडक्टर होतो, त्यामुळे तो रस्ता मला अजिबात माहीत नव्हता.

हे कळलं पंच्याण्णवच्या थंडीत. माझी लेक मंदा तेव्हा कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होती. सांगलीच्या मामानं तिला गिअरची सायकल दिली होती आणि तेव्हापासून तिचे पाय जमिनीला लागत नव्हते. त्यात कॉलेजच्या निसर्ग मंडळानं नोटीस लावली. कासच्या पठारावरून बामणोलीपर्यंत, अभयारण्याच्या कडेकडेनं सायकलसहल. स्वरूप मध्यम.

माझी बायको सुशीला सांगलीची. तिच्या लेखी चढ म्हणजे कृष्णेवरचा पूल. घाट म्हटलं की ती देव पाण्यात ठेवते.

"पोरगी एकली रानात जायची न्हाई!"

"एकली कुठं, आई? धा जण हायेत."

"त्यात घरचं कोण हाय?"

मंदानं माझ्याकडं पाहिलं. डोळ्यांत पाणी तरारलं होतं. झालं! माझ्यातला बाप जागा झाला (अक्कल त्याच क्षणी झोपली). म्हटलं, "मी जातो की बरोबर! माझ्याच रूटवर तर जायचंय."

सुशीलानं मला आपादमस्तक न्याहाळलं. पोटापाशी जरा जास्तच थांबली. मग मंदाला म्हणाली, "आईक. हे बरोबर हायेत तवर तू पुढं. ह्यांनी सायकल टाकली की तूबी माघारी. आन् परत असल्या सहलीचं नाव काढायचं न्हाई."

म्हणजे पोरीचं पुढचं सगळं हिंडणं-फिरणं माझ्या दोन पायांवर येऊन बसलं. मला मात्र त्याची काही काळजी वाटली नाही. मी कागद घेऊन नियोजनाला बसलो. सातला सातारा, सव्वासातला यवतेश्वर, साडेसातला पेट्री, आठला कास... मंदा मागून वाकून बघत होती.

"अण्णा, हे गाडीचं टायमिंग हाय."

"मग? रस्ता तोच हाय की!"

तरीही सायकल आहे म्हणून मी प्रत्येक थांब्याला दहा मिनिटं वाढवून दिली. मंडळाच्या सरांनी तो कागद डोळे झाकून घेतला. एसटीचा माणूस सांगतोय म्हटल्यावर शंका कोण काढणार? त्यांनी बामणोलीत साडेदहाला पिठलं-भाकरी सांगूनसुद्धा टाकली.

ठरल्या दिवशी सातला निघालो. पोरं झुळझुळीत शर्टांत, आणि मी माकडटोपी, दोन स्वेटर, कॅरिअरला चार डबे अशा थाटात माझ्या काळ्या सायकलवर. माझ्या सायकलीला गिअर नव्हते. ब्रेकही जरा रुसलेलेच असायचे, पण वर जाताना ब्रेक कशाला लागतोय!

यवतेश्वरच्या पहिल्या वळणावर माझी माकडटोपी उतरली, दुसऱ्यावर स्वेटर, तिसऱ्यावर मी. छाती भात्यासारखी हलत होती. पोरं कधीच वर दिसेनाशी झाली होती. तेवढ्यात ओळखीचा एक म्हातारा गवळी दुधाचे कॅन घेऊन खाली येताना दिसला.

"कंडक्टरसायेब, चालत का?"

"बाबा, हा चढ इथं कधी झाला वो?"

"आवं, डोंगर झाला तवाच! तुमी तर रोज येताय न्हवं?"

रोज येत होतो, बरोबर आहे. पण घाट सुरू झाला की मी तिकिटं फाडायचो, माणसं आत सरकवायचो. बावीस वर्षांत या घाटात मी एकदाही मान वर केली नव्हती. रस्त्याच्या कडेला दगडावर बसून हा विचार करताना मला हसू यावं की रडू, ते कळेना.

इतक्यात मंदा वरून खाली आली. चढलेला घाट उतरून, माझ्यासाठी! "अण्णा, पाणी प्या," म्हणाली आणि पुन्हा वर गेली. अर्ध्या तासानं परत आली. मग पुन्हा एकदा. वरच्या वळणावरून पोरं हाका मारत होती, हसतही होती. ही मात्र मला एका शब्दानं काही बोलली नाही. बोलली असती तर बरं वाटलं असतं. मला फार शरम वाटली.

चौथ्या वळणावर, मंदा शेजारी असतानाच, मागून हॉर्न वाजला. आमचीच गाडी! स्टिअरिंगवर नबीभाई, माझा जुना जोडीदार.

"टाक वर सायकल गड्या! मरशील हितं!"

मी मंदाकडं पाहिलं. तिनं मान खाली घातली. "बसा तुमी अण्णा. मी... मी जाते माघारी."

"माघारी कशाला? तू पुढं जा. आईचं मी बघतो."

"आई बोलंल."

"बोलू दे. मला बोलंल. जा तू!"

ती पायडल मारत गेली आणि मी गाडीत चढलो. आत सगळी नेहमीची गिऱ्हाइकं! एका सुरात ओरडली, "सरका पुढं! पुढं मोकळं हाय! दारात उभं ऱ्हाऊ नका!" बावीस वर्षांची उधारी त्यांनी एका दमात फेडली. मला खिडकी मिळाली. हातात तिकिटं नव्हती, म्हणून बाहेर बघितलं. खाली कण्हेरच्या धरणाचं पाणी चमकत होतं, वर पठाराचं गवत पिवळंधमक झालं होतं, आणि त्यातून माझी पोरगी एकटी, ताठ मानेनं चढत होती. गाडीनं तिला मागं टाकलं तरी मी मान वळवून बघत राहिलो.

बामणोलीचं पिठलं दोन वाजता खाल्लं. त्याच्या वड्या पाडता आल्या असत्या!

दिवेलागणीला घरी पोचलो. सुशीला दारातच उभी होती.

"शेवटपतुर बरोबर होता न्हवं?"

मंदाचा चेहरा पांढराफटक पडला. खोटं बोलायचं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. पण मी सगळं सांगून टाकलं. गाडीत बसलो तेही, आणि पोरगी माझ्यासाठी तीनदा घाट उतरून आली तेही. "माझ्यामुळं तिला अडवू नकोस," म्हटलं.

सुशीलानं मंदाला जवळ ओढलं. मग पदरानं मंदाच्या तोंडावरची धूळ पुसली आणि म्हणाली, "तू जात जा गं खुशाल कुठंबी. तुझी काळजी मिटली."

मग माझ्याकडं वळली.

"तुमी मात्र हिच्याबिगर घाटात पाऊल टाकायचं न्हाई!"