उषाताईंनी गिऱ्हाइकाचे शब्द शोधून दिले

पहिल्या आल्या त्या राजाजीनगरच्या मालूअक्का, नेहमीसारख्या बोलावल्या वेळेच्या तासभर आधी. त्यांच्या मागे एक चष्मेवाल्या बाई आमच्या विस्कटलेल्या चपला जोडीनं लावत होत्या. त्याच आपल्या उषाताई खांबेटे. मल्लेश्वरमला आमच्या घरी संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. मालूअक्कांनी वाण हातात घ्यायच्या आधीच सांगून टाकलं, "हिच्या सुनेचं शिवणकाम बंद होतंय हो. होसकोट्याच्या कंपनीत जाणार ती."

खरंच होतं ते. माझी सून वैशाली शिवलेल्या नऊवारी करते, झग्यासारख्या अंगात चढवायच्या. हात चांगला, जीवही त्यातच, पण गिऱ्हाईक नाही. वेबसाइट काढली होती, ती कुणाला सापडत नव्हती. उषाताई म्हणाल्या, "वैशाली, जायच्या आधी मला ती एकदा बघू दे."

त्यांना आता साठ वर्षं पूर्ण झाली म्हणून मंडळाचा हा अंक. कारखान्याच्या ग्रंथालयातल्या त्यांच्या नोकरीबद्दल शिकलेली माणसं लिहितील. मी चौथी पास. मला दिसलं तेवढं लिहिते, आणि त्यातलं निम्मं मला अजून समजलेलं नाही.

वैशालीनं वेबसाइटवर 'साडी', 'फॅशन' असे मोठाले शब्द घातले होते. उषाताई म्हणाल्या, "साडी म्हणून शोधलं की आधी मोठी दुकानं येतात. आपला नंबर लागेपर्यंत माणूस जेवून झोपतो."

"मग कुठले घालू, काकू?"

"ते आपण नाही ठरवायचे. विचारणाऱ्यानं ठरवायचे."

ग्रंथालयात लोक पुस्तक ज्या नावानं मागत ते उषाताई वहीत लिहून ठेवत म्हणे. तशीच वही घेऊन आठ दिवस रोज सकाळी आमच्याकडे आल्या. एखादा चौकशीचा फोन आला, कुणी नुसतं विचारायला दारात आलं, की विचारलं तसंच वहीत. 'मुलीच्या डान्सला नऊवारी मिळेल का.' 'नेसायची नको, तयार हवी.' शेजारच्या कन्नड बाई नऊवारीला कच्चे सीरे म्हणतात, तेही लिहिलं. मी म्हटलं, हे कसले शब्द, हे तर बोलणं झालं. त्या म्हणाल्या, "अक्का, बोलतात तसंच शोधतात."

पुढे तर माझा गोंधळच झाला. कुठला शब्द किती लोक शोधतात ते त्यांनी पाहिलं, आणि कमी लोक शोधतात तेच निवडून वेबसाइटवर घालायला लावले. मी म्हटलं, "अहो, बाजार सोडून गल्लीत का बसायचं?"

"स्वल्प थांबा अक्का. गल्लीत शिरतो तो घ्यायलाच येतो. बाजारातला बघून जातो."

सरी, बरं तर, म्हटलं. कळलं नाही, पण पटलं. किंवा उलटंही असेल.

वैशालीला 'पैठणी' हा शब्दही घालायचा होता, कारण तो पुष्कळजण शोधतात. उषाताईंनी विचारलं, "पैठणी विकतेस?" "नाही." "मग आलेला माणूस फसल्यासारखा परत जाईल." शब्द खोडला. असा त्यांचा सचोटीचा स्वभाव.

आणि मायाही तशीच. आपण इथं लिहिलेलं तिकडं लोकांना कोण सांगतं, हे मी त्यांना तीनदा विचारलं. नातवंडं म्हणतात, आजी तुला नाही कळायचं. उषाताईंनी तिन्ही वेळा चहा गार होईपर्यंत समजावलं. मग मीच लाजून मान डोलावली.

महिना गेला, दुसराही सरत आला, वेबसाइट बघून कुणी फिरकलं नाही. होसकोट्याच्या कंपनीला येते की नाही ते शुक्रवारपर्यंत कळवायचं होतं. वैशालीनं मशीनवर चादर टाकली. उषाताई म्हणाल्या, "याला वेळ लागतो गं," पण त्यांचाही आवाज बारीक झाला होता.

काल गुरुवारी दुपारी दोन अनोळखी बायका दोन मुलींना घेऊन आल्या. एक मूळची पुण्याची, एक इथलीच. शाळेत मुलींचा नाच आहे. "नाचासाठी तयार नऊवारी शोधली, तुमचंच वर आलं." मुलींनी एकेक घालून आरशासमोर गिरक्या घेतल्या, काढायला तयार होईनात. वर्गात आणखी नऊ मुली आहेत म्हणे.

उषाताई, तुमचे डोळे आणि गुडघे शाबूत राहोत, शंभरीपर्यंत तुमची वही भरत राहो, आणि आमच्यासारख्यांना समजावायला तुम्हाला असाच धीर मिळो. कसं झालं ते मला अजून उमगत नाही, पण झालं ते तुमच्यामुळे.

आज सकाळी वैशालीनं होसकोट्याला नाही म्हणून कळवलं. त्या बायका बाकीच्या नऊ मुलींना मापाला घेऊन उद्या, शनिवारी, परत यायच्या आहेत.