हाताले कुठं पदर असते?

“तोंड कुठं उघडलं मी? हात बोलते. अन् हाताले कुठं पदर असते, मास्तर?” असं म्हणून ती उजवा हात कोपरापर्यंत उघडा करून उंच धरायची. डोक्यावरचा पदर मात्र दातात घट्ट.

महाराष्ट्र नुकताच झाला होता. पूर्णेवर आमच्या गावापाशी पूल नव्हता, शाळेत शिकवायला मी रोज नावेनं पलीकडे जायचो. तिचा नावाडी नवरा तापानं गेला तेव्हा नावेच्या पुढच्या टोकाची, नांगर टाकायची अन् मागच्याला खुणा करायची त्याची जागा तिनं घेतली. मागे बांबू धरून तिचा थोरला दीर. काठाला गाळ, म्हणून नाव जरा आधीच नांगरावी लागे, आणि पुराच्या आवाजात हाका कुणाला ऐकू येणार? उघडा पंजा म्हणजे थांब. हात मागे हलला की मागे घे. मूठ वळली, की नांगर रुतला.

गावाला हे खुपलं. थोरल्या दिराशी भावजयीनं बोलायचं नाही ही रीत, आणि ही तर त्याला हुकूम सोडते! त्यावरचं तिचं उत्तर तुम्ही वर ऐकलंच.

मग पाटलांनी दुसरं काढलं. “बाईनं नांगराले हात लावला तं पाणी पडत नाही.” शेतातला नांगर आणि नावेचा नांगर, नाव एक म्हणून विटाळही एक.

“याले बैल जुपून दाखवा पाटील,” ती म्हणाली. “चालला तं नाही लावत हात.”

हसू आलं खरं. पण ती जागा गेली असती तर तिला भावाच्या दारी तुकडे मोडायला जावं लागलं असतं. हे पाटलांनाही ठाऊक होतं.

पुढे पूल झाला, नाव गेली, आता तीही गेली. मला मात्र एक सकाळ आठवते आणि अजून छाती फुगते. पाटलांनी तिला काठावर उतरवून तिच्या जागी आपला गडी बसवला. “चाल बे, काढ नाव.”

दिरानं बांबू आडवा ठेवला. “पाटील, हात काठावर राह्यला.”

पाणी चढत होतं. पाटलांना पोरीच्या सोयरिकीला पलीकडे जायचं होतं. शेवटी त्यांनी तिला हातानंच ‘ये’ म्हणून खुणावलं. ती बसूनच राहिली.

“खुणा नावेत चालते. काठावर तोंडानं बोला.”

“ये व बाई,” पाटील पुटपुटले.

“आयकू नाही आलं.”

मग ते सगळ्या नावेला ऐकू जाईल असं बोलले. ती सावकाश उठली, गड्याला उठवून आपल्या जागी उभी राहिली. पलीकडचा काठ येईपर्यंत पाटलांसकट सगळी नाव तिच्या हाताकडे बघत होती.