धर्माबादच्या माणसाला मी चार बायका करून दिल्या

माझी नात लातूरला आमच्याच घरात बसून कॉम्प्युटरवर काम करते. मागच्या वर्षी तिच्याकडे एक काम आलं आणि त्यातून माझी तरुणपणची अक्कल बाहेर पडली. नांदेडच्या ज्या दवाखान्यात मी नोंदीच्या खिडकीवर नोकरी केली, त्याची आणि त्याच संस्थेच्या लातूरच्या दवाखान्याची जुनी बाळंतपणाची रजिस्टरं एका डेटाबेसमध्ये आणायची होती. गरोदरपणी ज्यांचं बीपी वाढलं होतं, त्यांना पुढे उतारवयात बीपीचा, किडनीचा त्रास होण्याची भीती जास्त, असं लातूरच्या डॉक्टरीणबाईंचं म्हणणं. अशा बायका शोधायच्या, फोन करून तपासणीला बोलवायच्या. यादीत नाव नाही, तर फोनही नाही.

आमच्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी. त्यामुळे नांदेडकडची लेक लातूरकडे दिलेली असली, की पहिल्या खेपेची नोंद नांदेडला आणि पुढचं सगळं लातूरला. वाढलेलं बीपी नांदेडच्या रजिस्टरात, मोबाईल नंबर लातूरच्या अलीकडच्या नोंदीत. नातीनं मला कागदावर काढून दाखवलं. बायकांचा एक तक्ता, बाळंतपणांचा दुसरा, तपासण्यांचा तिसरा. प्रत्येक बाईला एक नंबर, आणि तोच नंबर सगळ्या तक्त्यांत. बाईचं नाव, नवऱ्याचं नाव आणि आडनाव जुळलं की दोन्ही गावची बाई एकच धरायची. मी म्हटलं, नांदेडचं तू बघूच नको, ती रजिस्टरं माझ्या हातची आहेत.

तेव्हाची मी म्हणजे एक नमुनाच होते. तिशी गाठायची होती, अक्षर छापल्यासारखं, आणि त्या अक्षराचा ताठा एवढा की मान वळायची नाही. रजिस्टरात रिकामा रकाना राहिला की मला जेवण गोड लागायचं नाही. शेजारच्या खोलीत उदगीरकडच्या एक सिस्टर बाळांच्या लसीची वही लिहायच्या. अर्धं मराठी, मधेच कानडी, आणि अक्षर असं की शाईच्या दौतीतून कोंबडी चालत गेली असावी. त्यांच्या वहीला मी सगळ्यांदेखत हसायची. नातीनं कोणत्या वह्यांचे फोटो काढायचे ते विचारलं, तेव्हाही मी तीच मिजास दाखवली. लसीच्या वह्या राहू दे म्हटलं, त्या कुणाला लागायच्या नाहीत.

काम निम्म्यावर आलं तेव्हा एक दिवस जेवताना तिनं विचारलं, "आजी, धर्माबादच्या एका माणसाला चार बायका होत्या का गं?"

"असतील. मिरचीच्या आडतीवर होता का? तेव्हा बरकत होती तिथं."

"त्यातल्या दोघी एकाच आठवड्यात बाळंत झाल्यात."

"मग माणूस घाईचा असेल."

ती हसली नाही. म्हणाली, असे पुष्कळ पुरुष निघालेत, एकाला तर सहा बायका आहेत. आणि यांच्यातली एकही बाई लातूरच्या नोंदींशी जुळत नाही. बीपी वाढलेल्या बऱ्याचजणी नेमक्या ह्यांच्यातच आहेत. शुक्रवारी यादी द्यायची, त्यात ह्यांना धरता येणार नाही.

माझ्या हातातला भाकरीचा तुकडा तसाच राहिला, कारण मला सगळं कळलं होतं. खिडकीवर बाई आली की मी विचारायची, मालकाचं नाव काय. बाई खाली बघायची. नवऱ्याचं नाव तोंडानं घ्यायचं नाही, ही त्यांची रीत. मागे रांग वाढायची. मग मी मान उंचावून तिच्याजवळच्या पुरुषाला विचारायची, तुमचं नाव? तो बिचारा आपलं नाव सांगायचा, आणि मी ते नवऱ्याच्या रकान्यात ठोकून द्यायची. तुम्ही हिचे कोण, हे विचारायला किती वेळ लागला असता? पण बाळंतपणाला माहेरी आणणारा भाऊ असतो, हे अख्ख्या जिल्ह्याला ठाऊक होतं, फक्त खिडकीतल्या हुशार बाईला सुचलं नाही. आणि माझं स्वतःचं पहिलं बाळंतपणही माहेरीच झालेलं.

दोन दिवस मी गप्प बसले. ह्या वयात नातीसमोर नाक कापून घ्यायचं जिवावर आलं होतं. बुधवारी सकाळी सांगून टाकलं.

"म्हणजे आजी, तू भावांची लग्नं बहिणींशी लावून दिलीस."

"लावली. अक्षताच तेवढ्या राहिल्या."

मग तिनं विचारलं, खरी नावं कुठं मिळतील का. आता दुसरा घासही गिळणं आलं. बाळाच्या लसीच्या कार्डावर बापाचं नाव लागायचंच. सिस्टर त्याच भावाला बसवून विचारायच्या, बाळाच्या बापाचं नाव सांग. मेहुण्याचं नाव घ्यायला भावाला कसली अडचण. आणि नोंदणी क्रमांक मात्र त्या माझ्याच रजिस्टरातला उतरवून घ्यायच्या.

"ज्या वह्या राहू दे म्हणालीस, त्याच?"

"हाव."

नातीनं डॉक्टरीणबाईंना फोन करून सोमवारपर्यंत मुदत मागितली. चूक कुणाची ते तिनं सांगितलं नाही. मग फोन मी घेतला आणि मीच सांगितलं. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी एसटीनं नांदेडला गेलो. वह्या स्टोअरच्या माळ्यावर गाठोड्यात होत्या. ते अक्षर माझ्याशिवाय कुणाला लागेना, म्हणून तीन दिवस मी वाचत होते आणि नात टाइप करत होती. माझी शोभिवंत रजिस्टरं बाजूला पडली होती. सिस्टरांनी कडेला लिहून ठेवलं होतं, सासर मुरुड, सासर निलंगा, बाप अजून बघायला आला नाही. वाळवीनं खाल्लेली काही पानं गेली ती गेलीच, तेवढ्या बायका आम्हाला जोडता आल्या नाहीत. बाकीच्या सोमवारी यादीत आल्या.

धर्माबादच्या माणसाच्या चार बायका म्हणजे तीन सख्ख्या बहिणी आणि एक चुलत निघाली. त्यातल्या मुरुडला दिलेल्या बहिणीला फोन मीच लावला.

"मला काय झालंय? धडधाकट हाय मी," ती म्हणाली.

मी तिला खरं ते सांगितलं, की तुमच्या भावाला मी तुमचा नवरा लिहिलं होतं. ती इतकी हसली की फोन दुसऱ्या कुणीतरी घेतला.

मंगळवारी ती लातूरच्या दवाखान्यात आली, आम्ही दोघी तिथंच बसून फोन लावत होतो. डॉक्टरीणबाईंनी बीपी दोनदा मोजलं, दोन्ही वेळा वाढलेलंच. लघवी तपासली, गोळी त्याच दिवशी सुरू केली. कधीपासून हाय म्हणावं हे, असं तिनं विचारलं, तर बाई म्हणाल्या, सांगता येत नाही, आत्ता सापडलं हे बरं. गोळ्या पदराच्या टोकाला बांधून ती माझ्यासमोर येऊन बसली. बाकीच्या तिघींचं काय, हे तिनंच काढलं. दोघींशी बोलणं झालं होतं, थोरलीचा नंबर बंद लागत होता.

"तो जुना हाय," ती म्हणाली. "नवा लिवून घ्या. अन् ती तुमचं ऐकायची न्हाई. घरी गेले की मी बोलते, मंग तुम्ही लावा."

तिनं नंबर सांगितला. नातीनं तो तिथंच थोरलीच्या नावापुढे भरला.