बाईंचा यहोशवा

"मोशे गेला म्हणून देव गेला काय?" असं म्हणत बाई चष्मा काढून पदरानं पुसायच्या. कुणाची बदली होवो, कापसाची जिनिंग गिरणी बंद पडो, उमरखेडच्या आमच्या लहानशा ख्रिस्ती मंडळीत कुणी घाबरलं की बाईंचं हे उत्तर ठरलेलं. मोशे म्हणजे बायबलमधला, लोकांना गुलामीतून बाहेर काढणारा पुढारी. त्या जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेल्या. आम्हा सगळ्यांना रविवारी चर्चच्या ओट्यावर बसवून शास्त्र त्यांनीच शिकवलेलं. तुम्हीही अशी एखादी बाई पाहिली असेल, जिच्यापुढे पन्नाशीतला माणूसही हाताची घडी घालतो.

आमचे म्हातारे पाळक, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, वारले, तेव्हा पुढची दोन वर्षं मंडळी बाईंनीच सांभाळली. कपाशीच्या मुलखाला ती वर्षं वाईट होती. फवारणीचं औषध पिऊन माणसं जात होती. बाई प्रत्येक घरी जायच्या, धर्म न विचारता. उपदेश करायच्या नाहीत. चूल पेटवायच्या, लेकरांना जेवू घालायच्या.

मग बाहेरून नवे पाळक नेमले गेले. तरुण, कडक. लोक बिथरले. "आमाले बाईच पायजेत," म्हणाले. मी चर्चच्या पंचांचा चिटणीस. नवे पाळक नकोत, असा अर्ज लिहून तयार होता. बाईंनी तो माझ्या हातून घेतला आणि फाडला.

"मोशेनं यार्देन नदी लांबूनच पाह्यली. पार नेणारा त्याच्यामागून आलेला यहोशवा होता. त्याले लोकायनं नाही निवडलं, देवानं निवडलं. तुमी माणसाकडे पाहून राह्यले, मी देवाकडे पाहून राह्यली."

बाईंच्या शब्दाखातर सगळे गप्प बसले.

सहा महिन्यांनी फुलसावंगीहून निरोप आला. आमच्याच मंडळीतला एकजण औषध पिऊन गेला होता. पाळक म्हणाले, ज्यानं स्वतःचा जीव घेतला त्याला आपल्या कबरस्तानात जागा नाही. बाई त्यांच्या दारात दोन तास उभ्या राहिल्या.

"साहेब, न्याय करणारा वर बसला आहे. आपण नुसती माती द्यायची."

दार लागलं. त्या निर्णयावर पंचांच्या सह्या मागवल्या गेल्या. मीही खाली मान घालून पाळकांच्या बाजूनं सही केली.

त्या माणसाला त्याच्याच शेताच्या धुऱ्यावर, बांधावर, पुरलं. त्याची बायको बाईंना एवढंच म्हणाली, "तुमीच सांगतलं होतं ना बाई, हा पाळक देवानं पाठवला म्हणून?"

त्यानंतर मोशेचं नाव बाईंच्या तोंडून निघालं नाही. उपासनेला यायच्या, शेवटच्या बाकावर बसायच्या. एकदा मी धीर करून विचारलं, "बाई, यहोशवा चुकला काय?"

त्यांनी चष्मा काढून पदरानं पुसला. मग म्हणाल्या, "देवानं पाठवला का मीच पाठवला, तेच समजून नाही राह्यलं मले. देव बोलला असंन. मी माझाच आवाज ऐकला असंन."

पुढच्या हिवाळ्यात बाई गेल्या. मला त्या धुऱ्यावरच पुरा, असं लिहून ठेवलं होतं. पाळक आले नाहीत. खड्ड्याभोवती आम्ही तीस-चाळीस जण, बहुतेक बाईंचेच विद्यार्थी, शास्त्र तोंडपाठ असलेले.

"कोनी दोन ओळी म्हना ना," त्या माणसाची बायको म्हणाली.

आम्ही एकमेकांकडे पाहिलं, मग खाली मातीकडे. पाळकांच्या कानावर जाईल म्हणून एकानंही तोंड उघडलं नाही. शेवटी तीच पुढं झाली. तिला वाचता येत नव्हतं. ती मोठ्यानं फक्त बाईंचं नाव घेत राहिली, आणि आम्ही माती लोटत राहिलो.